नोटेवरची मुद्रा

महाराष्ट्रातल्या वाचकांना मिसरोद हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही. भोपाळहून होशंगाबादकडे निघाले की शहर संपता संपता हे गाव लागते. पूर्वी ते शहराबाहेरचे खेडे होते. आता शहरच त्याच्या अंगावरून पुढे मंडीदीपकडे गेले आहे. माझे आजोळ मुलताईचे, तापीच्या उगमाचे. त्यामुळे घरात मराठी, अंगणात हिंदी अशी आमची दोन पिढ्यांची रीत. सीमेवरच्या अंकासाठी लिहायला बसलो, तेव्हा विषय फार दूर शोधावा लागला नाही. तो रोज खिशातच असतो.

मिसरोद हे नोटांच्या त्रिकोणात वसलेले गाव आहे, हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले. याच रस्त्याने दक्षिणेस साठेक किलोमीटर गेले की नर्मदाकाठी होशंगाबाद. २०२२ पासून त्याचे सरकारी नाव नर्मदापुरम. तेथल्या सिक्युरिटी पेपर मिलमध्ये १९६८ पासून नोटांचा कागद तयार होतो. पश्चिमेस दीडशे किलोमीटरवर देवास. मराठी माणसाला हे गाव पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीमुळे ठाऊक असते, किंवा बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तेथे कायमचे राहिले म्हणून. त्याच देवासला बँक नोट प्रेस आहे. नोटा छापण्याची खास शाईही तेथेच बनते. आणि ईशान्येला सांची. तिचे चित्र दोनशेच्या नोटेवर आले. कागद एका दिशेला, शाई दुसरीकडे, चित्र तिसरीकडे आणि मधे आमची शाळा.

पण या विषयाकडे मला भूगोलाने आणले नाही. एका खोट्या नोटेने आणले.

गोष्ट २०१४ च्या जुलैची. प्रवेशाचे दिवस होते आणि लिपिक रजेवर, म्हणून फीच्या खिडकीवर मी स्वतः बसलो होतो. बांधकामावर मजुरी करणाऱ्या एक बाई आल्या. मुलगा नववीत जाणार होता. पदराच्या गाठीतून त्यांनी पाचशेची एक नोट काढली, घडी उलगडली आणि हाताने सरळ करून माझ्यापुढे ठेवली. मी पावती फाडली, नोट ड्रॉवरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा करताना कॅशियरने तेवढीच एक नोट बाजूला काढली, उजेडाकडे धरली, तिच्यावर ती बनावट असल्याचा शिक्का मारला आणि ठेवून घेतली. माझ्या हाती एक पोचपावती आली. बनावट नोट परत मिळत नाही आणि तिचा मोबदलाही मिळत नाही. नियम तसा आहे आणि तो योग्यच आहे. नाहीतर ती पुन्हा बाजारात फिरेल.

मी बाईंना निरोप धाडला. त्या आल्या, सगळे ऐकून घेतले आणि मला एवढेच विचारले, "साब, गांधीजी तो वोई हैं न?"

मी नियमावर बोट ठेवले. पाचशे रुपये त्यांनी पुन्हा भरले, तीन हप्त्यांत. इतिहासात एम. ए. केलेल्या, नाणी-शिलालेख यांवर वर्गात तासन् तास बोलणाऱ्या माणसाने ती नोट घेतली होती, आणि तीही केवळ गांधीजींचा चेहरा पाहून. चूक दोघांची होती, भुर्दंड एकीला बसला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्या दिवशी देता आले नाही.

आपल्या भाषेत 'मुद्रा' या एकाच शब्दाला किती अर्थ आहेत पाहा. मुद्रा म्हणजे शिक्का, मुद्रा म्हणजे नाणे आणि मुद्रा म्हणजे चेहराही. परंतु नाण्यावर राजाचा चेहरा हवाच, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. शिवराई हातात घेऊन पाहावी. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरे, बस्स. ज्याचे रूप पाहण्यासाठी आपण आजही चित्रकारांना कामाला लावतो, त्याने आपल्या पैशावर चेहरा उमटवला नाही.

कागदी पैशावर चेहरे आले ते इंग्रजांबरोबर. मुंबई इलाख्याची बँक ऑफ बॉम्बे १८४० साली निघाली. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र असे. काही नोटांवर दोन पुतळ्यांची चित्रे होती. एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा, दुसरा जॉन माल्कमचा. दोघेही मुंबईचे गव्हर्नर होऊन गेलेले, म्हणून त्यांचा मान, असे सरळ उत्तर देता येईल. पण आपण ती नोट मराठी डोळ्यांनी पाहू. एल्फिन्स्टन हा पुण्याचा रेसिडेंट. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. माल्कम २१ डिसेंबर १८१७ ला आमच्या माळव्यात महिदपूरला होळकरांच्या फौजेवर चालून गेला आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव त्याच्याच स्वाधीन झाला. पेशवाई बुडवणारे हे दोघे, बावीस वर्षांनी पेशवाईच्याच मुलखात लोकांच्या हाती नोटेवर बसून आले. एखाद्या पुण्याच्या किंवा इंदूरच्या सावकाराने ती नोट मोजताना काय विचार केला असेल? कदाचित काहीच नाही. पैसा मोजताना माणूस आकडा पाहतो.

गोव्यातही हेच. पोर्तुगिजांनी १९५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुदो आणला, तेव्हा नव्या नोटांवर आफोन्सो द आल्बुकेर्कचे चित्र होते. १५१० साली गोवा जिंकणारा तोच. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तोवर गोवेकराला आपल्या जेत्याचे तोंड खिशात बाळगावे लागले. याउलट निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या कायद्याने आपल्या नोटा काढल्या, त्यांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असे. राज्यकर्त्याची भाषा वर आणि रयतेच्या भाषा खाली, हा क्रम तेथेही चुकला नाही. तरी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आपली लिपी नोटेवर दिसत होती, हे नोंदवले पाहिजे. सीमेवरच्या वाचकांना या गोष्टीचे मोल मी काय सांगावे!

आता मुख्य मार्गावर येतो. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बँकांकडून सरकारकडे गेला. पहिल्या सरकारी नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र होते. कागद विलायतेत हाताने बनवलेला, छपाई एकाच बाजूला, मजकुरात दोन देशी भाषा. कागदाच्या पोटात जलचिन्हही होते. एवढा बंदोबस्त करूनही बनावट नोटांचा इतका सुळसुळाट झाला, की ही मालिकाच मागे घ्यावी लागली. १८६७ पासून तिच्या जागी ज्या नोटा आल्या, त्यांवर राणी नव्हती.

हे मी मुंबईत, फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात पाहिले, तेव्हा काचेसमोर बराच वेळ उभा राहिलो. जिच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, तिची मालिका नोटा नक्कल करणाऱ्या कोणा अनामिक कारागिरांनी मोडीत काढली! आपण समजतो की नोटेवर कोणाचे चित्र असावे हे राजा ठरवतो. अर्धे तो ठरवतो. उरलेले अर्धे खोटी नोट करणारा ठरवतो. हे सूत्र एकदा हाती लागले, की पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

पन्नास वर्षे नोटांवर चेहरा नव्हता. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट निघाली आणि तिच्यावर पंचम जॉर्जच्या रुपयाच्या नाण्याचेच चित्र छापले. लोकांना कागदाचा भरवसा वाटावा म्हणून कागदावर चांदीचे चित्र! पुढे १९२३ मध्ये दहाच्या नोटेवर राजाचे स्वतंत्र चित्र आले. या नोटा विलायतेहून छापून येत. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२८ पासून त्या येथेच छापल्या जाऊ लागल्या. पंचम जॉर्जचा चेहरा नाशिकच्या कामगारांच्या हातून उमटू लागला. त्र्यंबकेश्वर-पंचवटीच्या यात्रेला नाशिक रोडला उतरणाऱ्या किती यात्रेकरूंना ही गोष्ट माहीत होती कोण जाणे.

दुसऱ्या महायुद्धात नक्कल करणारा बदलला. आता जपानसारखे एक राष्ट्रच आपल्या नोटांच्या हुबेहूब नकला करू लागले. तेव्हा सहाव्या जॉर्जचे जलचिन्ह बदलले. आधी त्याचा चेहरा एका बाजूने दिसे. आता तो समोरून दिसू लागला. शिवाय आपल्या नोटेत प्रथमच सुरक्षा-धागा आला. आज आपण नोट उजेडाकडे धरून जी रेघ पाहतो, तिचा जन्म असा लढाईतला आहे.

याच नोटांवर आपल्या माणसाची सही आहे. चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे. आय. सी. एस. झाल्यावर त्यांची नोकरी आमच्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सुरू झाली. ११ ऑगस्ट १९४३ ला ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर राजा इंग्लंडचा आणि 'अदा करण्याचे वचन देतो' म्हणून खाली सही कोकणातल्या माणसाची. राजा गेला, वचन राहिले. पुढे हेच चिंतामणराव केंद्रात अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. सीमाभागात त्यांचे नाव निघते ते त्या राजीनाम्यासाठी. नोटेवरच्या सहीची आठवण क्वचित कोणी काढते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर राजाच्या जागी कोण, हा प्रश्न उभा राहिला. महात्मा गांधींचे चित्र घालावे असा विचार होता आणि तशी रेखाटनेही तयार झाली होती. पण शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहांवर. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते प्रथम आले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नव्या प्रजासत्ताकाने नोटेवर माणूसच ठेवला नाही. शिवराईच्या वळणाने जाऊन चिन्ह ठेवले. १९५३ मध्ये नव्या नोटांवर हिंदी ठळकपणे आली. तेव्हा 'रुपया'चे अनेकवचन काय करावे यावर खल झाला आणि 'रुपये' हे रूप ठरले. मुलांना व्याकरण शिकवताना कंटाळा आला की मी हा दाखला देतो. सरकारलासुद्धा अनेकवचनाने घाम फोडला होता म्हटल्यावर वर्ग खुलतो.

माझा जन्म १९६९ चा, गांधीशताब्दीच्या वर्षातला. त्या निमित्ताने काढलेल्या नोटांच्या मागील बाजूस गांधीजी बसलेले आहेत आणि त्यांच्या पाठीशी सेवाग्रामचा आश्रम आहे. वर्ध्याजवळची ती साधी कुटी दिल्लीच्या किल्ल्याआधी नोटेवर गेली, याचा विदर्भाला अभिमान वाटावा. वडिलांनी त्यांतली दोन रुपयांची एक नोट माझ्या जन्मपत्रिकेत घालून ठेवली होती. ती अजून आहे. शताब्दीच्या काही नोटांवर बी. एन. आडारकरांची सही सापडते. ते १९७० मध्ये अवघे बेचाळीस दिवस गव्हर्नर होते, म्हणून संग्राहक त्या शोधत असतात. माझ्या नोटेवर ती नाही. असो.

ही शताब्दीपुरती गोष्ट होती. गांधीजी पुन्हा आले ते ऑक्टोबर १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर आणि कायमचे बसले ते १९९६ च्या मालिकेपासून. हे चित्र १९४६ मधल्या एका छायाचित्रातून घेतलेले आहे. मूळ छायाचित्रात शेजारी ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स होते. नोटेसाठी गांधीजी तेवढे वेगळे काढले. हा बदल का झाला? राष्ट्रपित्याचा मान, हे खरेच. पण १९९६ च्या मालिकेमागे दुसरेही कारण होते. रंगीत नकला काढणारी यंत्रे इतकी सुधारली, की जुने उपाय अपुरे पडू लागले. म्हणून जलचिन्हात चेहरा आला, धागा नोटेच्या पृष्ठभागावर तुकड्यातुकड्यांनी दिसू लागला, न दिसणारा आकडा तिरप्या उजेडात दिसू लागला. सिंहाची आयाळ थोडी चुकली तर आपल्याला कळत नाही. रोज पाहिलेल्या माणसाच्या ओठाची रेघ केसभर हलली तरी काहीतरी बिनसले आहे हे डोळ्याला जाणवते. राणीचे चित्र ज्या नक्कल करणाऱ्यांनी घालवले, त्यांच्याच वारसांनी गांधीजींना नोटेवर बोलावले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

येथे मी त्या बाईंच्या प्रश्नाशी येऊन पोचतो. गांधीजी तेच होते का? नव्हते. पण ते डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळायला हवे होते. खऱ्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. म्हणून तो कडक राहतो आणि वाजतो. जलचिन्ह शाईने छापलेले नसते. कागद ओला असतानाच तो काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी पातळ केलेला असतो, म्हणून चेहऱ्याच्या सावल्या उजेडात मऊपणे उतरतात. खोट्या नोटेत त्या जागी फिकट शाईचा ठसा असतो, तो उजेडाशिवायही दिसतो. आणि शंभरच्या व त्यावरच्या नोटांवर गांधीजींचे चित्र खोदीव पत्र्यावरून छापतात. खोदलेल्या रेघांत शाई भरून कागद जबर दाबाने त्यात दाबला, की शाई कागदावर उंचवट्याने उभी राहते. अंगठा फिरवला की खरखर लागते. ही सोय अंध व्यक्तींसाठी आहे असे पुस्तकात असते. माझ्या मते ती डोळस मुख्याध्यापकासाठीही आहे.

त्या वर्षापासून नववीच्या वर्गात मी एक तास नोटेला देतो. अभ्यासक्रमात तो नाही. मुले डोळे मिटून अंगठा फिरवतात, मग खिडकीशी जाऊन नोट उजेडात धरतात. नंतर मागची बाजू. तेथे पंधरा भाषांची पट्टी आहे, इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने. कन्नड चौथी, कोकणी सहावी, मराठी आठवी. दहाच्या नोटेवर पुढे हिंदीत 'दस रुपये', मागे कोकणीत 'धा रुपया' आणि मराठीत 'दहा रुपये'. वर्गात दोनचार मराठी घरांतली मुले असतात. आपली ओळ सापडली की ती शेजाऱ्याला दाखवतात. बेळगावात काय वाद चालतात हे त्या मुलांना ठाऊक नाही. पट्टीवर कन्नड आणि मराठी मधे तीन ओळी ठेवून मुकाट्याने राहतात, हे मात्र त्यांना दिसते.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. त्या दिवसांतल्या रांगा वाचकांनी स्वतः भोगल्या आहेत, मी सांगत बसत नाही. नंतरच्या नव्या मालिकेत गांधीजी मध्यभागी आले आणि मागच्या बाजूला देशातली स्थळे आली. ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेवर सांची, २०१९ मध्ये वीसवर आपले वेरूळ.

दोनशेची पिवळी नोट आली त्या वर्षी सहल सांचीलाच नेली. मी स्तूपासमोर नोट धरून तोरण दाखवत होतो. एका मुलाने विचारले, "सर, यहाँ शेर नहीं हैं क्या?" आहेत. सांचीच्या संग्रहालयात अशोकाच्या स्तंभाचे चार सिंह आहेत, सारनाथच्या सिंहांचे भाऊ शोभावेत असे. फक्त त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर चक्रांऐवजी हंस आहेत. मुलाने नोटेवरचे छोटे सिंह आणि समोरचे दगडी सिंह तीन वेळा पाहिले आणि म्हणाला, हंस असते तर जास्त बरे झाले असते. मला ते पटले, पण तसे मी बोललो नाही.

२०१९ च्या जुलैत त्या बाई पुन्हा आल्या. थोरला शिकून कामाला लागला होता, आता धाकटी नववीत. मी मुद्दाम खिडकीवर गेलो. त्यांनी दोनशेच्या नोटा काढल्या, प्रत्येकीवर गांधीजींच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि एकेक करून पुढे ठेवली. थोरला माझ्या त्या तासाला बसला होता. मी पावती फाडली आणि वरचे शंभर रुपये परत दिले. त्यांनी माझी नोट दाराच्या उजेडाकडे धरली, नीट पाहिली आणि मगच गाठीत बांधली.